कर्नेल बदलले, फोल्डर उघडेना

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचे कर्नेल अद्ययावत झाले की इंटरनेट लागते, छपाई होते, टायपिंगही चालू असते. पण शेजारच्या मशीनवरचा शेअर्ड फोल्डर उघडत नाही. ही तक्रार जुनी आहे आणि दर काही वर्षांनी नव्याने डोके वर काढते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांच्याकडून काम करून घेणारा भाग तो हाच. दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असावा तसा जोडून देणे, म्हणजे 'माउंट' करणे, हेही कर्नेलचेच काम. त्यामुळे कर्नेल बदलले की या जोडणीच्या अटीही बदलू शकतात. अशा वेळी क्वचितच काही तुटलेले असते. बहुतेकदा नव्या कर्नेलने जुन्या, असुरक्षित पद्धतीने व्यवहार करायचे नाकारलेले असते. दोष कोणत्या पायरीवर आहे हे ओळखले की दुरुस्ती लहान असते; ते न ओळखता केबल, स्विच आणि राउटर बदलत बसले की दिवस जातो आणि खर्चही होतो.

जळगाव-धुळ्यातली मांडणी

जळगावच्या एमआयडीसीतली डाळ मिल, दाणा बाजारातली अडत पेढी, धुळ्याच्या आग्रा रोडवरचे दुकान, एखादी पतसंस्था, कर सल्लागाराचे कार्यालय किंवा छापखाना असो, अशा ठिकाणी साधारण चार-सहा संगणक, एक राउटर आणि एक 'मेन मशीन' असते. हिशेबाचा डेटा, स्कॅन केलेली बिले, छपाईच्या फायली या मेन मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये असतात. कुठे त्याऐवजी नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी असते. तिला 'नॅस' म्हणतात. एखाद्या जुन्या स्कॅनरचा किंवा वजनकाट्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून एक विंडोज एक्सपीचे मशीन कोपऱ्यात राखलेले असते. त्याच्या जोडीला लिनक्सची मशीनही आता नवलाची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू हे लिनक्सचे वितरण स्वीकारले, तर सी-डॅकने 'बॉस' हे भारतीय भाषांसाठीचे वितरण २००७ मध्ये आणले. वेगवेगळ्या वयाची ही यंत्रे एकाच राउटरवर नांदत असतात आणि कुरबुर नेमकी तिथेच सुरू होते.

त्यात विजेचा एक भाग आहे. उबुंटू सुरक्षेची अपडेट मागच्या मागे आपोआप उतरवून घेते आणि त्यांत नवे कर्नेलही असते. मात्र नवे कर्नेल लागू होते ते मशीन पुन्हा सुरू झाल्यावरच. कार्यालयातले मेन मशीन आठवडेच्या आठवडे बंद होत नाही. मग एखाद्या दुपारी लाईट जाते, यूपीएसची बॅटरी उतरते आणि मशीन बंद पडते. लाईट आल्यावर ते आठवड्यापूर्वी उतरलेल्या कर्नेलवर सुरू होते. मालकाला दिसते ते एवढेच: लाईट गेली आणि शेअरिंग बंद पडले. व्होल्टेजने काहीतरी जळाले, असा समज होतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मशीन घेऊन जाण्याआधी कर्नेल कधी बदलले आणि मशीन कधी सुरू झाले, या दोन तारखा पाहिल्या तर अर्धे निदान जागीच होते.

२०१७ मध्ये काय घडले

विंडोजच्या आणि बहुतेक नॅसच्या शेअरिंगची पद्धत एसएमबी नावाने ओळखली जाते. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि मायक्रोसॉफ्टने वाढवली. तिची पहिली आवृत्ती, एसएमबी १, विंडोज एक्सपीपर्यंत चालली. व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, विंडोज ७ बरोबर २.१, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ३.० आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ३.१.१. लिनक्सच्या बाजूने याच पद्धतीत बोलणारा 'सांबा' हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस लिहायला घेतला. फोल्डर माउंट करणारा कर्नेलमधला भाग मात्र सांबाहून वेगळा आहे. त्याला 'सीआयएफएस' म्हणतात. पुढच्या तपासणीत हा फरक उपयोगी पडतो.

पहिल्या आवृत्तीची बांधणी आजच्या धोक्यांचा विचार होण्याआधीची. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तो विंडोजमधील एसएमबी १ च्या एका त्रुटीचा फायदा घेत. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले. त्रुटीवरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण तो न बसवलेली मशीन जगभर होती. २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक हीच त्रुटी होती. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक त्यात बंद पडले आणि कंटेनरची कामे अडली. ज्या बंदरातून महाराष्ट्राचा शेतमाल परदेशी जातो, तिथे शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतली एक फट कामकाज थांबवायला पुरली.

त्यानंतर सर्वांनी जुनी आवृत्ती मागे टाकायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नेल ४.१३ ने माउंट करताना एसएमबी १ वापरण्याचा आपला जुना प्रघात सोडला. काही आठवड्यांतच नियम पक्का झाला: आवृत्ती सांगितली नसेल तर कर्नेल २.१ किंवा त्यापुढचीच मागेल. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ नव्या बसवणुकीत दिसेनासे झाले, आणि सलग वापरात नसेल तर ते स्वतःच निघून जाईल अशी सोय झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये सांबा ४.११ ने तेच केले. २०१८ च्या सुरुवातीला उबुंटू १६.०४ वापरणाऱ्या अनेकांना हा बदल अचानक जाणवला. त्यांच्याकडे सिस्टीम तीच, पडदा तोच, फक्त कर्नेल ४.१० वरून ४.१३ वर गेले होते. जुन्या नॅसवरचा फोल्डर मात्र उघडेनासा झाला.

दुसरा धक्का ऑक्टोबर २०२१ च्या कर्नेल ५.१५ ने दिला. पासवर्ड पडताळण्याची 'एनटीएलएम' ही जुनी पद्धत त्यातून काढून टाकण्यात आली. 'एनटीएलएम व्ही२' राहिली. त्याआधी माउंट करताना आवृत्ती १.० लिहून कशीबशी चालवलेली काही उपकरणे या टप्प्यावर पूर्णपणे तुटली, कारण त्यांना दुसरी पद्धत येतच नव्हती.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी: कोणते कर्नेल चालू आहे ते पाहणे. टर्मिनलमध्ये 'युनेम' हा आदेश 'आर' या पर्यायासह दिला की क्रमांक मिळतो. उबुंटू सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून येणाऱ्या यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली आधीचे कर्नेलही असते. ते निवडून मशीन सुरू केले आणि फोल्डर उघडला, तर कारण कर्नेलमध्येच आहे हे ठरले. तरीही उघडला नाही, तर दोष इतरत्र आहे. ही चाचणी काही मिनिटांची आहे आणि पुढचा बराच तर्क वाचवते.

दुसरी पायरी: नेटवर्क मुळात आहे का. स्वस्त यूएसबी वायफाय डोंगलचे ड्रायव्हर बरेचदा वेगळे आणून बसवलेले असतात आणि प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ते पुन्हा तयार व्हावे लागतात. ते झाले नाहीत तर वायफायच जाते आणि तक्रार मात्र 'शेअरिंग बंद' अशी येते. केबल लावून पाहिली की हा भाग स्पष्ट होतो.

तिसरी पायरी: पत्ता. लाईट जाऊन आल्यावर राउटर मशीनना नवे आयपी पत्ते वाटू शकतो. काल मेन मशीनचा असलेला पत्ता आज मोबाइलला गेलेला असतो. मेन मशीनवर त्याचा सध्याचा पत्ता पाहावा आणि दुसऱ्या मशीनवरून त्याला पिंग करून, म्हणजे उत्तर मागून, पाहावे. नेटवर्कच्या यादीत मशीनचे नाव दिसत नाही एवढ्यावरून ते बंद आहे असे धरू नये. नावांची ती जुनी यादी एसएमबी १ च्या आधाराने बनायची, त्यामुळे ती रिकामी दिसणे आता स्वाभाविक आहे. पत्ता थेट लिहिला की फोल्डर अनेकदा उघडतो.

चौथी पायरी: दार उघडे आहे का. एसएमबीचे काम पोर्ट क्रमांक ४४५ वरून चालते. पिंग लागते पण या पोर्टवर उत्तर येत नाही, तर फायरवॉल आडवी आली आहे किंवा त्या मशीनवरची शेअरिंग सेवा सुरूच झालेली नाही.

पाचवी पायरी सर्वात उपयोगी आणि सर्वात कमी वापरली जाणारी. उबुंटूचा 'फाइल्स' हा प्रोग्राम फोल्डर उघडताना कर्नेलची मदत घेत नाही. तो सांबाच्या लायब्ररीतून काम करतो. त्यामुळे 'फाइल्स'मधून फोल्डर उघडतो पण माउंट होत नाही, तर दोष कर्नेलच्या सीआयएफएस भागात किंवा माउंटच्या पर्यायांत आहे. दोन्हीकडून उघडत नाही, तर समोरचे मशीन, नेटवर्क किंवा पासवर्ड यांच्याकडे वळावे. हे एवढे पाहिले की शोधाची निम्मी जागा सुटते.

त्रुटीचा क्रमांक काय सांगतो

माउंट फसले की पडद्यावर एक क्रमांक येतो. त्याच्या पुढच्या इंग्रजी शब्दांपेक्षा क्रमांक आणि संदर्भ महत्त्वाचा, कारण शब्द कधी कधी दिशाभूल करतात. ११२ हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचा अर्थ पडद्यावर 'समोरचे मशीन बंद आहे' असा दिसतो. प्रत्यक्षात नॅस चालू असते, दिवे लुकलुकत असतात, पिंगला उत्तर येते. घडलेले असते ते असे: कर्नेलने २.१ किंवा ३.० आवृत्तीत विचारणा केली, फक्त पहिली आवृत्ती कळणाऱ्या नॅसने उत्तर न देता जोडणी तोडली आणि कर्नेलने समोर कोणी नाही असा निष्कर्ष काढला. 'डीमेसेज' या आदेशाने कर्नेलची नोंदवही उघडली, तर खरी गोष्ट तिथे लिहिलेली सापडते. आवृत्ती सांगितलेली नाही, आपोआप निवडायची आवृत्ती आता अधिक सुरक्षित झाली आहे आणि जुन्या सर्व्हरसाठी आवृत्ती १.० स्पष्ट लिहावी लागेल, असा तिचा आशय असतो. ११२ आणि ही नोंद एकत्र दिसली की निदान पक्के. क्रमांक ९५, म्हणजे 'ही क्रिया चालत नाही', हाही बहुधा आवृत्ती न जुळण्याचाच इशारा असतो.

१३ म्हणजे परवानगी नाकारली. वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकणे हे नेहमीचे कारण. पासवर्ड बरोबर असूनही कर्नेल ५.१५ नंतर हा क्रमांक येऊ लागला, तर समोरचे उपकरण पडताळणीची जुनी पद्धतच वापरत असण्याची शक्यता मोठी. माउंटच्या जुन्या ओळीत त्या पद्धतीचे नाव लिहिलेले राहिले असेल तर नवे कर्नेल ती ओळच नाकारते आणि २२, म्हणजे 'अवैध पर्याय', असे म्हणते. २ म्हणजे शेअरचे नाव चुकले. १११ म्हणजे मशीन आहे पण सेवा बंद आहे, ११३ म्हणजे तिथवर वाटच नाही. १९ आला तर कर्नेलला सीआयएफएसचा भागच सापडलेला नाही. अपडेट अर्धवट झाले आहे किंवा कर्नेलचे जादा मॉड्यूलचे पॅकेज बसलेले नाही.

मराठी नावांच्या फायली ठेवणाऱ्यांना ७९ हा क्रमांक विशेष भेटतो. 'सातबारा उतारे', 'ताळेबंद' अशी देवनागरी नावे नीट दिसावीत म्हणून माउंटच्या ओळीत यूटीएफ-८ हा अक्षरसंच लिहिलेला असतो. तो समजणारा कर्नेलचा छोटा भाग जादा मॉड्यूलच्या पॅकेजमध्ये असतो. नव्या कर्नेलबरोबर ते पॅकेज उतरले नाही तर ७९ येतो आणि पडदा एखादी लायब्ररी सापडत नसल्याचे सांगतो. अक्षरसंचाचा उल्लेख ओळीतून काढला तर फोल्डर उघडतो, पण देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. म्हणून उल्लेख काढू नये. चालू कर्नेलच्या क्रमांकाचे जादा मॉड्यूलचे पॅकेज बसवावे.

फोल्डर उघडतो, पण रिकामा

कधी तक्रार उलटी असते. शेअरिंग लिनक्स मशीनवरून होते, बाकीच्यांना फोल्डर दिसतो, पण आत काही नाही. सांबा कर्नेलच्या बाहेर चालतो, त्यामुळे कर्नेलच्या बदलाने तो सहसा बिघडत नाही. पण ज्या डिस्कवर डेटा आहे ती जोडली गेली नसेल तर सांबा तिच्या जागी उरलेला रिकामा फोल्डरच वाटत राहतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने बांधलेल्या एक्स्टर्नल डिस्कबाबत हे जास्त घडते. कर्नेल ५.१५ मध्ये एनटीएफएससाठी नवा ड्रायव्हर आला. वीज जाऊन डिस्क अर्धवट अवस्थेत राहिली असेल तर तो ती जोडायला नकार देतो. अशी डिस्क विंडोज मशीनला लावून तपासून घ्यावी. 'सक्तीने' जोडण्याचा पर्याय आधी बॅकअप घेतल्याशिवाय वापरू नये.

या अवस्थेत एक धोका असतो. फोल्डर रिकामा पाहून कोणी हिशेबाचा जुना बॅकअप त्यात टाकतो आणि दिवसभर त्यावर नोंदी करतो. संध्याकाळी डिस्क जोडली गेली की हिशेबाच्या दोन प्रती तयार होतात, दोन्ही अपुऱ्या. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्या फोल्डरमध्ये लिहिणे थांबवावे आणि तोवरच्या नोंदी कच्च्या वहीत कराव्यात.

लिनक्स-लिनक्समधल्या शेअरिंगसाठी एनएफएस ही पद्धत असते. तिथेही असाच एक बदल झाला. कर्नेल ५.६ पासून एनएफएस चालवण्याचा यूडीपी हा जुना मार्ग मुळात बंद ठेवलेला असतो. माउंटच्या ओळीत यूडीपी लिहिलेले असेल तर त्या जागी टीसीपी लिहावे.

विंडोजच्या अपडेटनंतर

अशीच अडचण विंडोजच्या बाजूनेही येते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो वापरणाऱ्यांसाठी, प्रत्येक एसएमबी संदेशावर डिजिटल सही सक्तीची झाली आणि पासवर्डविना 'गेस्ट' म्हणून आत जाणे बंद झाले. 'कोणालाही पासवर्ड नको' अशा पद्धतीने उघडे ठेवलेले नॅस आणि लिनक्सवरचे फोल्डर त्या दिवसापासून उघडेनासे झाले. गेस्टचा मार्ग पुन्हा उघडण्यापेक्षा नॅसवर एक वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि उपाय म्हणून तेच योग्य.

तात्पुरता इलाज आणि कायमचा

आवृत्तीचा घोळ असेल तर माउंटच्या ओळीत आवृत्ती १.० लिहून काम चालू होते. विंडोज व्हिस्टाच्या काळच्या मशीनसाठी २.० लिहावे लागते. विंडोज ७ आणि त्यापुढच्या मशीनना काहीच लिहिण्याची गरज नसते. पण १.० लिहिणे म्हणजे २०१७ मध्ये ज्या दारातून व्हायरस आला ते दार स्वतःच्या हाताने उघडणे. महिनाअखेरीचे विवरणपत्र भरायचे आहे म्हणून एक-दोन दिवस ते चालेल. कायम ठेवू नये. तसेच जुन्या कर्नेलवर परत जाऊन तिथेच थांबणेही बरोबर नाही, कारण नव्या कर्नेलबरोबर आलेले सुरक्षेचे इलाज त्यामुळे गमावले जातात.

कायमचा इलाज जुन्या टोकाला करावा लागतो. नॅसचे फर्मवेअर अद्ययावत करून त्यात एसएमबी २ किंवा ३ चालू करता येते का, हे आधी पाहावे. अनेक नॅसच्या सेटिंगमध्ये 'कमाल आवृत्ती' असा पर्याय असतो आणि तो १ वर अडकलेला असतो. तो पर्याय नसेल तर आतला डेटा काढून उपकरण बदलणे श्रेयस्कर. एक्सपीचे मशीन ठेवणे भागच असेल तर ते इंटरनेटपासून तोडावे आणि त्यावरच्या फायली पेन ड्राइव्हने किंवा मध्ये ठेवलेल्या एका मशीनमार्फत आणाव्यात. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला. जुन्या मशीनचा हिशेब करताना या तारखा समोर असाव्यात.

पुढच्या अपडेटच्या आधी

मेन मशीन आणि नॅस यांना राउटरवर कायमचा आयपी पत्ता बांधून द्यावा, म्हणजे लाईट गेल्यावर पत्ते फिरत नाहीत. माउंटची नोंद अशी करावी की नेटवर्क आल्यावरच ती लागू होईल आणि समोरचे मशीन सुरू व्हायला वेळ लागला तरी आपले मशीन अडकून राहणार नाही. नॅस सुरू व्हायला संगणकापेक्षा जास्त वेळ घेते, त्यामुळे लाईट आल्यावर पहिल्याच क्षणी केलेला प्रयत्न फसतो, एवढे कारणही अनेकदा पुरेसे असते. पासवर्ड माउंटच्या ओळीत उघडा न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि ती फाइल फक्त प्रशासकालाच वाचता यावी. कर्नेलचे अपडेट बसल्यावर पुढची लाईट जाण्याची वाट न पाहता, कामाची गर्दी नसलेल्या वेळी, बॅकअप घेऊन मशीन स्वतः पुन्हा सुरू करावे आणि सगळे फोल्डर उघडून पाहावेत. चालू कर्नेलचा क्रमांक, प्रत्येक उपकरणाची एसएमबी आवृत्ती, त्याचा पत्ता आणि शेअरचे नाव एका कागदावर लिहून तो मेन मशीनजवळ लावलेला असला, की बाहेरून येणाऱ्या कारागिरालाही कुठून सुरुवात करायची ते कळते.